काळा होणारा दगड

अख्ख्या ड्रेस्डेनमध्ये नोव्हेंबरचं मळभ बघून खूश होणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या तळमजल्यावर राहायचा. मूळचे पुण्याचे, पेशाने आर्किटेक्ट, सत्तरीला टेकलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. चार वाजता अंधारून आलं की आम्ही पडदे ओढून स्वतःची कीव करत बसायचो आणि हे छत्री, पाण्याची बाटली घेऊन बाहेर! बाटली पिण्यासाठी नव्हे हो. दिसेल त्या भिंतीवर पाणी ओतून ती ओली कशी दिसते ते बघायला. एकदा एका आजीबाईंनी खिडकीतून असं झापलं की मीच लाजेने चूर झाले. काका शांतपणे म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, पण तुमचा गिलावा फुगलाय." माणसाच्या तोंडाकडे त्यांनी कधी नीट पाहिलं असेल तर शपथ. दिवाळीच्या फराळाला यायचे तेसुद्धा खिशात दगडाचे दोन तुकडे घेऊन. ते चकलीच्या ताटाशेजारी मांडायचे आणि मला विचारायचे, "सांग, म्हातारपणी यातला कोण चांगला दिसेल?" माझी लेक जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत ताट उचलून आत जायची.

हसायचो आम्ही. पण या माणसाने तीस वर्षं सुपरमार्केटं आणि पार्किंगच्या इमारतीच बांधल्या होत्या. अगदी शेवटी, शहराच्या जुन्या भागातल्या एका रिकाम्या कोपऱ्यावरची इमारत त्यांच्या वाट्याला आली. "या गावात एक भिंत तरी माझी राहू दे," एवढंच त्यांचं मागणं होतं. बाहेरून काय लावायचं ते शहराची समिती ठरवणार होती. गुळगुळीत गिलावा, की इथला पिवळट सँडस्टोन, जो पाऊसपाणी खात शेजारच्या जुन्या इमारतींसारखा हळूहळू काळा होतो? आधी जागेवरच दोन्हींची नमुन्याची भिंत बांधतात आणि ती बघून निर्णय घेतात. सप्टेंबरच्या उन्हात समितीला दगड आवडलासुद्धा! पण काकांनीच हट्ट धरला. "उन्हात सगळेच छान दिसतात. एक हिवाळा जाऊ द्या, मग ठरवा." अहो, समोरचे हो म्हणताहेत तर गप्प बसावं ना!

मेमध्ये समिती परत आली, तेव्हा दगडावर करडे ओघळ उमटले होते. काका त्यांवरून कौतुकाने हात फिरवत म्हणाले, "बघा, सुरुवात झाली." समितीतल्या बाईंनी वहीत लिहिलं, डाग पडतात. गिलावा मंजूर झाला.

मी इतकी चिडले होते त्यांच्यावर! "कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" ते म्हणाले, "अगं, जसा होणार तसा दाखवायला नको का?" पुढे ती नमुन्याची भिंत पाडली, तेव्हा काकांनी त्यातला एक दगड मागून आणला आणि आमच्या अंगणात ठेवला. त्याच वर्षी ते पुण्याला बहिणीकडे कायमचे गेले. जाताना मला बजावून गेले, "आडोशाला ठेवू नकोस हं त्याला."

त्या इमारतीचा गिलावा आता उत्तरेच्या बाजूने हिरवा पडलाय. मी हे काकांना सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर ते आमची खुशालीही विचारत नाहीत. "दाखव," म्हणतात. मी भुरभुरत्या पावसात फोन घेऊन अंगणात उभी राहते. त्यांना हल्ली नीट दिसत नाही.

"झाला का गं काळा?"

"एका कोपऱ्यात थोडासा. बाकी पिवळाच आहे."

"होईल. पन्नास-साठ वर्षं लागतात." मग परवा पहिल्यांदाच म्हणाले, "तू बघत राहशील ना?"

मी हो म्हणाले. एवढी वर्षं माझ्याजवळही नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.