दुसरा पियानो

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या राहून मावशींचं निम्मं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मालकही म्हणायला लागला, आणि पुढे पुढे तर नवराही चारचौघांत चुकून मावशी म्हणून जायचा. दुकानातली नोकरी सुटल्यावर हात रिकामे झाले, कान मात्र रिकामे राहिले नाहीत. पियानोचं वेड लहानपणापासूनचं. स्वतःला एक धून धड वाजवता येत नसे, पण ऐकलेलं कसं वाटलं हे सांगायला लागल्या की समोरच्याचा चहा गार व्हायचा. गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकानं एकदा ते ऐकलं आणि म्हणाला, "हेच लिहून देत जा की!"

तेव्हापासून मावशी एखादं रेकॉर्डिंग ऐकायच्या आणि मनाला वाटेल ते लिहायच्या. लिहायच्या मात्र रोखठोक. "कडू औषधाला मी दुकानातसुद्धा कधी गोड म्हटलं नाही," असं त्या अभिमानानं सांगत. लोक सदर वाचायचे ते त्यातल्या चिमट्यांसाठी, हे मावशींनाही ठाऊक होतं.

अशात नाचाच्या शाळेत साथ करणाऱ्या दोघी बायकांचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आलं. नात्यानं नणंद-भावजय. पोलंडच्या खेड्यापाड्यांतल्या नाचांच्या चाली घेऊन त्यांनी दोन पियानोंसाठी तुकडे बसवले होते. मावशींनी खिडकीशी बसून, कानांवर हेडफोन चढवून ते ऐकलं. नणंदेचा पियानो खणखणीत होता. दुसरा मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखा, असून नसल्यासारखा.

मावशींनी लिहिलं, "नणंद मनसोक्त गाते आणि भावजय दाराआडून नुसती हूं हूं करते. सासरी नवीन असेल बिचारी! पण मग दुसरा पियानो मांडायचे कष्ट तरी कशाला घेतले?"

वाक्य गाजलं. बेकरीत, बँकेच्या रांगेत लोक ते एकमेकांना ऐकवून हसले. मावशींचा नवरा शिंपी. त्याच्या दुकानातही ते पोचलं. तो तेवढा हसला नाही. "जरा लागेल गं असं," एवढंच म्हणाला. मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढे एका दुपारी सहज म्हणून त्यांनी तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. भाजी चुलीवर होती, घाईत हेडफोन उलटे चढले. उजवं डाव्या कानावर, डावं उजव्यावर. आणि मावशी जागच्या जागी थिजल्या.

हे काही वेगळंच होतं. खाली खोल, एकाच जागी घट्ट रोवलेला घुमारा, आणि त्यावर टाचा आपटल्यासारखे ठोके. तेही सरळ पडत नव्हते. एक दोन तीन म्हणताना जोर भलतीकडेच, कधी दोनवर तर कधी तीनवर, जसं नाचताना कुणी मुद्दाम पाय चुकवून हसावं. पुढच्या संथ तुकड्यात तर दुसरा पियानोच चाल सांगत होता. दिवसभर कापणी करून घरी निघालेली माणसं दमून, डुलत चालताहेत असं मावशींना वाटलं. शेवटच्या गरगर फिरणाऱ्या नाचात हाच पियानो पुढच्याला ओढून नेत होता. आता दाराआडून हूं हूं करत होती ती नणंद.

"अहो," त्यांनी हाक मारली, "हे यंत्र बिघडलंय. एकच बाजू वाजते."

नवऱ्यानं येऊन हेडफोन कानाला लावले. थोडं ऐकून म्हणाला, "दोन्ही वाजतात की. दोघी कडाकडा भांडताहेत, मजा आहे." मग तो मावशींच्या उजवीकडून काहीतरी बोलला. मावशींनी मान वर केली नाही. तेव्हा तो वळसा घालून डावीकडे आला. "किती महिने सांगतोय, कान दाखव म्हणून."

उजवा कान गेलाय हे मावशींना माहीत नव्हतं असं कुठं होतं? फोन त्यांनी कधीच डाव्या कानावर नेला होता. माणसांना डावीकडे बसवायची सवय लावून घेतली होती. मळ साचला असेल, म्हणत स्वतःचीच समजूत घातली होती. ज्या कानानं ऐकू येत नव्हतं, त्याच्या जोरावर त्यांनी एका बाईची टिंगल केली होती. भाजी करपल्याचा वास आला तरी त्यांना उठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या संपादकाकडे गेल्या. सगळं ऐकून तो डोकं खाजवत म्हणाला, "दुरुस्ती छापू हो मावशी. पण त्या दोघींचा सभागृहात कार्यक्रम व्हायचा होता, तो रद्द झालाय. भावजयीनं लोकांसमोर वाजवणं सोडलंय म्हणे."

मावशी तशाच नाचाच्या शाळेत गेल्या. दारात नणंद भेटली. मावशींचं नाव ऐकताच तिचा चेहरा कठोर झाला. "मागच्या खोलीत आहे," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मागच्या खोलीत नाचाचे पोशाख टांगलेले होते. कोपऱ्यात जुना पियानो, त्यावर बुटांचा ढीग. भावजय एका बुटाला फीत शिवत बसली होती. मावशींनी उभ्या उभ्याच कानाचं सांगितलं, माफी मागितली.

भावजय सुई थांबवून म्हणाली, "मावशी, तुम्ही खरं तेच लिहिलंत. मला आधीपासून वाटायचंच, आपण वहिनी म्हणून पियानोच्या बाकावर जागा मिळालीय. आता कीव येऊन गोड बोलताय."

"कीव नाही गं. तो टाचांचा ठोका..."

"राहू द्या."

मावशी गेल्या नाहीत. पियानोवरचे बूट उचलून त्यांनी खाली ठेवले. "तुझं तुझं एकटीचं वाजव. मी चांगला कान तुझ्याकडे करून बसते. मग काय वाटतं ते सांगते."

भावजयीनं सुई बुटात खोचून ठेवली. मग उठली, आणि राग काढावा तसं वाजवलं. संपल्यावर वळून म्हणाली, "हं, बोला. खोटं नको."

मावशींच्या जिभेवर वाहवा आली होती. ती त्यांनी गिळली. "संथ तुकडा मनात घर करतो. पण शेवटच्या नाचात तू घाई करतेस. लवकर सुटका हवी असल्यासारखी पळतेस."

भावजयीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. "पळतेच मी तिथे," ती हळूच म्हणाली. "कुणालाच कळत नाही ते." तिनं तो भाग पुन्हा वाजवला, जरा सावकाश.

दुरुस्ती छापून आली. चूक लोकांनी चवीनं वाचली होती. दुरुस्ती कुणाच्या डोळ्यांखालून गेली असेल तर देव जाणे. बेकरीत एक जण मावशींना बघून अजून "हूं हूं" करून हसला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आला असतात तर काही करता आलं असतं, आता यंत्र लावून थोडंफार ऐकू येईल.

सभागृह दुसऱ्यांना गेलं होतं, ते परत मिळालं नाही. पण पुढे काही आठवड्यांनी नणंद-भावजयींनी नाचाच्या शाळेतच मुलांच्या आईबापांपुढे वाजवलं. भावजयीनं मावशींना बोलावलं होतं. शेवटच्या नाचात ती पळाली नाही.

निघताना नणंद जिन्यात भेटली. डाव्या बाजूला येऊन, नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनीनं मनातून काढलं असेल, तिचा स्वभाव तसा. रात्र रात्र रडताना मी बघितलंय तिला. मी काढलेलं नाही."

"काढू नका," मावशी म्हणाल्या.

संपादक मागे लागला होता, पण त्या संध्याकाळबद्दल मावशींनी एक ओळही लिहिली नाही. नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं गं वाजवणं?" तेव्हा मात्र त्या त्याच्या कापडांच्या ढिगाशेजारी बसल्या आणि बराच वेळ फक्त त्यालाच सांगत राहिल्या.