शुक्रवारी हार्डडिस्क वाचवणारे चिंधूमामा

चिंधूमामांबद्दल लिहायचंय, पण आधी माझा गाढवपणा सांगावा लागेल.

आमचा पाडा पडघ्याच्या आत. तिथल्या एकतीस घरांनी जंगलजमिनीचे दावे टाकलेत आणि त्यांचे सगळे पुरावे, म्हणजे प्लॉटचे फोटो, नकाशे, म्हाताऱ्यांचे रेकॉर्ड केलेले जबाब, माझ्या लॅपटॉपमध्ये. फोन भरला म्हणून फोनमधून मी उडवलेले. सोमवारी सुनावणी आणि बुधवारी लॅपटॉप बंद, आतून नुसतं टक टक टक. बॅकअप होता ना, सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये टाकलेला. ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात हे मला मोबाईलवाल्यानं सांगितलं, आणि त्यानंच शहरात निजामपुऱ्यात चिंधूमामांकडे पाठवलं.

मामा साठीचे. तीस वर्षं कापड विणायचे लूम दुरुस्त केले, त्या आवाजानं दोन्ही कान गेले. मग गुडघेही गेले, तेव्हा काल्हेरच्या गोडाऊनला लागले, गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला ऑनलाइन माल तपासायला. तिथं मोडके लॅपटॉप उघडून उघडून शिकले. आता घरातच पुढच्या खोलीत टेबल टाकून बसतात.

मी रडत रडत सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी वही पुढे केली.

"मला ऐकू येत नाय, पोरी. रडायचं ते रड, पण लिहून दे."

मग ते विचारत गेले, मी लिहीत गेले. लॅपटॉप कुठं असतो? मी राहते त्या आत्याच्या खोलीत, फळीवर. खाली काय? चोवीस लूम. बंद पडल्यावर किती वेळा चालू केला? वीस-पंचवीस वेळा. ते वाचून मामांनी कपाळाला हात लावला.

"दिवसरात्र हादरणाऱ्या फळीवर ठेवलास, आणि मेला म्हणून वरून पंचवीस लाथा घातल्यास."

डिस्क बाहेर काढून त्यांनी क्षणभरच चालू केली आणि वर नख टेकवलं. कानानं नाय तर बोटानं ऐकतात ते. जीव हाय म्हणाले. मी म्हटलं आत्ताच करा, तर म्हणाले परवा शुक्रवारी. शुक्रवारी गल्लीतले लूम बंद असतात, जमीन हलत नाय, तेव्हाच ते आजारी डिस्कला हात लावतात. आणि उघडायची तर अजिबात नाय, इथल्या हवेत कापूस उडतो. मला पटलं नाय. ठाण्याच्या एका दुकानात फोन केला, ते म्हणाले दोन आठवडे. गुरुवारी परत जाऊन मामांचं डोकं खाल्लं, त्यांनी चहा पाजून हाकललं.

शुक्रवारी आठलाच जाऊन बसले. गल्ली इतकी शांत मी कधी बघितली नव्हती. मामांनी घडी केलेल्या गोधडीवर डिस्क ठेवली आणि त्यातलं थोडं थोडं चांगल्या डिस्कवर उतरवायला लागले. बोटाला जराशी थरथर लागली की थांबायचं, थंड होऊ द्यायचं, मग दुसऱ्या टोकाकडून चालू. मधेच एक टेम्पो आत शिरायला लागला तर हे लंगडत बाहेर.

"भाई, नाके पे खडी कर. मेरा पेशंट सोया है."

चार वाजता फोल्डर दिसले. एकतीसच्या एकतीस. मी पाड्यातल्या म्हाताऱ्या जानकीबाईचा जबाब लावला. तिचा आवाज आला, सासऱ्यानं नाचणी कुठं लावलेली ते सांगणारा. मामांनी स्पीकरवर तळवा ठेवला.

"बोलतेय का ती?"

मी मान हलवली आणि परत रडले, पण ते वेगळं रडणं.

दोन घरांचे फोटो मात्र अर्धे राखाडी होते, पूर्ण उघडलेच नाय. बाबूकाका आमच्या पाड्याच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष, त्यांना मी बुधवारपासून काहीच बोलले नव्हते. फोन लावून सगळं सांगून टाकलं, डी ड्राइव्हसकट. मला वाटलं आता शिव्या.

"दोघांचंच ना? त्यांच्या जमिनी हाईत तिथंच हाईत. उजेड हाय तवर ये, नवीन फोटो काडू."

मामांनी तोवर सगळं दोन पेनड्राइव्हवर घेतलं होतं. एक मला दिला. दुसरा सोमवारपर्यंत स्वतःच्या कपाटात ठेवला, माझ्यावर भरवसा नाय म्हणून, असं सरळ तोंडावर सांगितलं. मी बरं म्हटलं आणि पडघ्याची रिक्षा पकडायला पळाले.