लाँड्रीतलं बीजगणित

माझ्या धाकट्या भावाची लाँड्री आहे, आणि धंदा कसा करू नये हे पाहायचं असेल तर तिथे जरा वेळ उभं राहावं. गिऱ्हाईक डागाळलेला कोट काउंटरवर टाकून विचारतं, "निघेल ना?" समोरच्या दुकानातला लाँड्रीवाला न बघताच "हो हो" म्हणतो. माझा भाऊ कोट उजेडाला धरतो, डाग कशाचा ते विचारतो, अस्तर उलटून बघतो आणि म्हणतो, "निघेल असं सांगत नाही. बघतो." गिऱ्हाईक तोंड वाकडं करून समोर जातं. वहिनी कपाळाला हात लावते. जन्मभर हेच चाललंय.

त्याची लेक भलतीच हुशार निघाली. अणूच्याही पोटातले कण शोधणाऱ्यांत जाऊन बसली, लांबच्या शहरात. काउंटरखाली बसून गृहपाठ करणारी माझी भाची, पण बापलेकीचं फोनवरचं बोलणं हळूहळू "जेवलीस का" आणि "झोप होते का" एवढ्यावर आलं. एकदा त्याने विचारलंच, "तू नेमकं करतेस तरी काय?" तिने हौसेने सुरुवात केली, अडखळली आणि म्हणाली, "जाऊ दे बाबा, त्याआधीचंच बरंच सांगावं लागेल."

ते "जाऊ दे" त्याच्या जिव्हारी लागलं. तडक माझ्याकडे आला. "ताई, तिचं कळायला आधीचं किती शिकावं लागतं?"

मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. गोड बोलून फसवणं मला जमत नाही. "बीजगणित, त्रिकोणमिती, कलन," मी म्हटलं. "मग यांत्रिकी, वीज, सापेक्षता, क्वांटम. हे सगळं पचलं की तिच्या विषयाचं दार येतं. नुसतं दार, हं. मी स्वतः अजून अंगणात आहे. तुला दहा वर्षं कुठे गेली नाहीत."

"मग आजच बसायला हवं," तो म्हणाला.

दुपारी गिऱ्हाईक नसताना इस्त्रीच्या टेबलावर आमची शाळा भरू लागली. ऋण गुणिले ऋण धन कसं, यावर त्याने माझं डोकं खाल्लं. "नियम आहे, पाठ कर" म्हटलं तर म्हणे, "डाग कशाचा ते कळल्याशिवाय मी औषध लावत नाही." शाळेत असं कुणी विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. समीकरण सोडवण्याच्या नादात त्याने एकाचा शर्टही जाळला, आयुष्यात पहिल्यांदाच. वहिनीने आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं.

आम्ही वर्गसमीकरणापर्यंत आलो आणि भाचीचा फोन आला. तिचा प्रबंध पूर्ण झाला होता. सगळ्यांसमोर तो मांडायचा, परीक्षकांना उत्तरं द्यायची. घरच्यांना बसता येतं. "बाबा, याल ना?"

"बघतो," तो म्हणाला.

मी भडकले. "बघतो काय? स्वतःच्या मुलीला?"

"ताई, मी अजून तिथवर पोचलोच नाही. काही न कळता नुसतं जाऊन बसायचं? तिच्या लोकांनी 'कसं वाटलं' विचारलं, तर तिची मान खाली जाईल."

"लेकीच्या कौतुकाला जायलाही आता परीक्षा द्यावी लागते का?" वहिनी आतून ओरडली. तरी तो हलेना.

संध्याकाळी भाचीने मला फोन केला. आवाज बारीक झाला होता. "आत्या, बाबांना माझं काम कंटाळवाणं वाटतं का गं?"

हे मी जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो उठला आणि स्वतःच्या शर्टाला इस्त्री करायला लागला.

सभागृहात आम्ही तिघं मागे बसलो. ती उभी राहिली, बोलू लागली, आणि पहिल्याच मिनिटाला माझ्या हातून धागा सुटला. भाऊ तर पडद्यावरच्या चिन्हांत ओळखीचं काही सापडतंय का ते शोधत होता. एक बरोबरचं चिन्ह सापडलं, ते त्याने मला बोटाने दाखवलं. मला गलबलून आलं.

शेवटी एका परीक्षकाने पडद्यावरच्या आलेखातल्या छोट्याशा उंचवट्याकडे बोट केलं. "हा नवा कण असू शकतो म्हणता. आणखी मोजमापं जमली की हा उंचवटा टिकेल ना?"

सगळं सभागृह तिच्या एका "हो"साठी टपलं होतं. तिने आलेखाकडे वळून नीट पाहिलं, आमच्या दुकानात कोट उजेडाला धरून पाहतात तसं.

"टिकेल असं सांगत नाही," ती म्हणाली. "बघते."

दोघंचौघं हसले. परीक्षकाने मान डोलावली. वहिनीने कपाळाला हात लावला, पण तिचे डोळे भरले होते. भावाने माझं मनगट घट्ट धरलं.

बाहेर ती धावतच आली. "बाबा, काही समजलं का हो?"

"एकच वाक्य," तो कसाबसा म्हणाला. "तेवढा अभ्यास आधीच झाला होता."