वरणावरचा आळ

“सिस्टर, बराबर कोरोनाच हाय ना? बिलकुल पक्का?”

चाचांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तशी त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, “शुकर हाय!”

जालन्याच्या एका कोविड वॉर्डात मी नर्स होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून रडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खूश झालेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

चाचा हसनाबादकडचे आचारी. कोणत्याही जातीचं लग्न असो, वरण-बट्टी त्यांच्याच हातची लागायची. टेंभुर्णीत मोजक्या पाहुण्यांच्या एका लग्नात त्यांनी स्वयंपाक केला आणि दोन-तीन दिवसांत अर्ध्या मांडवाला जुलाब सुरू झाले. चाचांनाही. खोकला नाही, ताप जेमतेम. नुसत्या उलट्या आणि जुलाब. गावानं निकाल लावून टाकला, वरण नासकं होतं.

“जिंदगीभर भट्टीपुढं उभा राह्यलो, सिस्टर,” ते सांगायचे, “एकाला बी माझ्या हातचं बाधलं न्हाई. आन् आता लोक काय बी बोलून राह्यले.”

हा आजार पोटातही उतरतो, वॉर्डातल्या कितीतरी जणांना हाच त्रास आहे, असं मी त्यांना सांगितलं. झालं! त्यांनी मोबाइल काढला आणि ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावायला घेतला. पलीकडून हॅलो यायच्या आत यांचं सुरू, “वरणाचा कसूर न्हाई! कोरोना निघाला, कोरोना!” मध्येच पोटात कळ आली, की सलाईनची बाटली उंच धरून संडासाकडे पळायचे. दाराआडूनही आवाज यायचा, “रिपोर्ट हाय माझ्याजवळ!”

मग एका दुपारी समोरच्या खाटेवर नवा पेशंट आला. नाकाला ऑक्सिजन, डोळे खोल गेलेले. टेंभुर्णीच्या त्या लग्नातल्या नवरीचे वडील. चाचांनी कानाचा फोन खाली घेतला.

“सिस्टर,” ते हळूच म्हणाले, “मंग हे मीच दिलं का त्यान्ला?”

कोणी कोणाला दिलं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मी तसं म्हटलंही. पण त्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

नवरीच्या वडिलांच्या पोटात काही टिकत नव्हतं. ताट दिसलं की ते तोंड फिरवायचे. थोडं थोडं तरी पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टर बजावून गेले. चाचांना स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं. तरी भिंत धरून ते त्या खाटेपाशी जाऊन बसले. हातात दवाखान्याची पातळ खिचडी.

“भाऊ, एक चमचा.”

नवरीच्या वडिलांनी नाकावरची नळी सारखी केली. मग थांबत थांबत म्हणाले, “चाचा, वरण नासलं व्हतं, हे गावात पहिल्यांदा मीच बोल्लो.”

चाचांचा चमचा हवेतच थांबला.

“मंग भांडायचं हाय आपल्याला,” चाचा म्हणाले. “पण भांडायला ताकद लागते. पहिलं हे खा.”

त्या माणसाला हसू आलं. उघडलेल्या तोंडात चाचांनी चमचा घातला. तेवढी खिचडी टिकली.

पुढं रोज हेच. “बट्टी कच्ची व्हती,” नवरीचे वडील म्हणायचे. “तुमची लाकडं वली व्हती!” म्हणत चाचा पुढचा चमचा भरायचे. सगळा वॉर्ड कान देऊन ऐकायचा.

दोघेही बरे होऊन घरी गेले. चाचा आता नाहीत. गेल्या वर्षी घरीच, म्हातारपणानं गेले. मला ते दिसतात ते त्या नवरीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नातले. मलाही आमंत्रण होतं. स्वयंपाक चाचांचाच. पंगत बसताना नवरीच्या वडिलांनी त्यांना हाताला धरून भट्टीपासून आणलं आणि पहिल्या ताटावर बसवलं. उभा जन्म वाढण्यात गेलेला माणूस, अवघडून बसला.

“वरण गरम हाय का, बघून येतो,” म्हणत सारखे उठू पाहायचे.

“बसा, चाचा!” म्हणत नवरीच्या वडिलांनी वाकून स्वतः वाढलं. मग शेजारीच मांडी घातली आणि साऱ्या गावासमोर बट्टी कुस्करली.

चाचा मात्र जेवत नव्हते. पंगतीतल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.