तात्यांचा पेला

"ताई, तात्या गेले," फोनवर माधव म्हणाला. बनारसच्या पंचगंगा घाटावरून सकाळचं स्नान करून आले, जपाला बसले, आणि तसेच... मला रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की हा माझा आजारी भाऊ अजून आहे आणि धडधाकट तात्या गेले. आम्ही सगळ्यांनी उलटंच धरलं होतं.

तात्या आमचे धाकटे काका. लग्न केलं नाही, वडिलांच्या मागे आम्हा भावंडांना त्यांनीच वाढवलं. बनारसमधल्या मराठी घरांचं पौरोहित्य करायचे, आणि सोवळ्याचे इतके कट्टर, की बघणाऱ्याला हसू यावं! त्यांच्या तांब्याच्या पेल्याला कुणाचं बोट लागलं तरी तो चिंचेने घासला जायचा. लहानपणी मी एकदा त्यातून पाणी प्याले, तर "पोरीने पेला बाटवला!" म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

माधव नशेच्या सुया टोचून घेतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुन्शी घाटामागच्या गल्लीत चार-पाच मित्र, आणि सुई एकच. त्यातून एचआयव्ही. त्या काळी बनारसमध्ये त्या रोगाचं नावसुद्धा कुणी मोठ्याने घेत नसे. आईने त्याचं ताट वेगळं काढलं, न्हाणीजवळ वाढू लागली. घाबरली होती बिचारी, दुसरं काय! तो मान खाली घालून जेवायचा आणि ताट स्वतः धुवायचा. मी माहेरी आले होते. मला वाटलं, आता तात्या याला घराबाहेरच काढणार.

तात्या डॉक्टरांना भेटून आले. दुपारी पानं मांडली तेव्हा हाक मारली, "माध्या, इकडे ये. माझ्या शेजारी बैस." आणि स्वतःचा पेला भरून त्याच्या हातात दिला. "पी. तोंड लावून पी." माधव रडत रडत कसाबसा दोन घोट प्याला. उरलेलं पाणी तात्या घटाघटा प्याले.

"अहो भावजी!" आई किंचाळली.

"वहिनी, विचारून आलोय. उष्ट्या पाण्याने हा रोग होत नाही, उष्ट्या सुईने होतो. जन्मभर मी भलत्याच उष्ट्याला भीत आलो."

संध्याकाळी ते त्या गल्लीत जाऊन पोरांवर कडाडले, "अरे, एक-दूसरे का जूठा पानी नहीं पीते, और सुई जूठी चलती है?" काही पोरं हसली. काहींनी दुसऱ्याची सुई घेणं सोडलं, एक-दोघं माधवबरोबर नशा सोडवायला दवाखान्यातही गेली. तात्यांचे काही यजमान मात्र तुटले. "तुटू देत," तात्या म्हणाले, "त्यांना पुरोहित पुष्कळ मिळतील. माध्याला दुसरा काका कुठून आणू?" काय माणूस होता!

तेराव्याला मी बनारसला गेले. गेलेल्या माणसाची भांडी दान द्यायची असतात, गुरुजी म्हणाले. आईने पळी-पंचपात्र दिलं, तांब्या दिला. पेल्यावर मात्र हात ठेवून बसली.

"हा नाही मिळायचा. हा माझ्या लेकाचा आहे."

मग तिने तो भरला आणि माधवपुढे धरला. माधव अर्धं पाणी प्याला. उरलेलं पाणी आई प्याली.