ओतीव दिवे आणि शेजारच्या काकू

आमच्या गल्लीत वीज आली, लोक जुने ओतीव पितळी दिवे मोडीत घालू लागले आणि मी ते जमवू लागलो. रविवारी ओसरीवर बसून चिंचेने ते उजळायचे आणि काचेच्या कपाटात मांडायचे. याला मी कलेची सेवा म्हणत असे.

शेजारच्या काकू कठड्याला टेकून बघत. त्यांचं बोलणं नेहमी एकाच पालुपदाने सुरू होई.

"नुसतं विचारते हं, पेटवायचे नाहीत तर घासता कशाला?"

मी ओतकामावर व्याख्यान देई. त्या पदराने वारा घेत शेवटपर्यंत ऐकत. माझं इतकं ऐकणारं अख्ख्या नाशकात दुसरं कोणी नव्हतं.

दिवाळीआधी त्यांनी आपली समई आणली. "नुसतं विचारते हं, तुमचं चाललंच आहे, तर..."

वर ओतीव मोर! मी हरखलो. त्याच्या पिसांतली काजळी काडीने कोरून काढली.

दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो. देवघरात मोर झळकत होता आणि जमलेल्या बायका थक्क झाल्या होत्या. मी जाणकारासारखा ताठ उभा राहिलो. काकूंनी कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हेच ते. भांडी लख्ख घासतात. बोलतात फार, तेवढं ऐकून घ्यावं लागतं."