हसणाऱ्यांचं रिंगण

बाळांनो, आज सकाळी बागेतल्या आमच्या हास्यक्लबात लीलाताई परत आल्या. गेल्या महिन्यात याच रिंगणात, हात वर करून हसता हसता त्या छाती धरून खाली बसल्या होत्या. आम्ही वीसजणांनी ते पाहिलं. पण कुणीच थांबलं नाही, म्हणून मीही हसत राहिले. शेवटी बाग झाडणारी बाई ओरडली, "अवो, हसताय काय? म्हातारी मरतीया हितं!"

एकटी असते तर मी नक्की धावले असते, असं मी रोज स्वतःला सांगते.

आज लीलाताई हसल्या नाहीत. त्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांची नजर माझ्यापाशी येऊन थांबली, तेव्हा सगळे हात वर करून हसत होते. मीसुद्धा.